संगणकावर देखणी, मोबाइलवर अडखळणारी वेबसाइट: दुरुस्त करावी की ॲप काढावे?

यंत्रमागवाला (सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमचा चादरी आणि टॉवेलचा छोटा कारखाना असून नवी पेठेत विक्रीचे दुकान आहे. २०१४ साली एका ओळखीच्या मुलाकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली होती. गल्ल्यावरच्या संगणकावर ती उघडली की आजही समाधान वाटते. डावीकडे वाणांची यादी, मधोमध मोराच्या नक्षीची चादर, उजवीकडे भाव, असे सगळे जागच्या जागी दिसते. त्यामुळे ती बिघडलेली आहे, हे मला इतकी वर्षे कळलेच नाही.

गेल्या महिन्यात तुळजापूरचे दर्शन करून अक्कलकोटला निघालेले एक कुटुंब दुकानात आले. त्यातल्या बाईंनी “तुमच्या साइटवर पाहिलेली निळी चादर दाखवा” म्हणून फोन माझ्यापुढे धरला. अक्षरे मोहरीच्या दाण्याएवढी होती. दोन बोटांनी मोठी करावीत तर भाव पडद्याबाहेर जात होता, आणि चादरीचे छायाचित्र वरून खाली इतक्या सावकाश उतरत होते की ते पूर्ण दिसेपर्यंत आमच्या मुलाने ती चादर फळीवरून काढून गादीवर पसरलीही होती.

त्यानंतर मी स्वतःच्या फोनवर सगळी वेबसाइट तपासली. वाणांची यादी उघडतच नाही, कारण संगणकावर ती माउसचा बाण नेल्यावर उघडते. पैसे भरण्याच्या पानावर क्यूआर कोड येतो. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारले, “माझ्याच फोनवरचा कोड मी माझ्याच फोनने स्कॅन कसा करू?” मला उत्तर देता आले नाही.

ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांचे म्हणणे असे की ही वेबसाइट टाकून द्या आणि ॲप काढा. त्यांनी सांगितलेल्या रकमेत एक जुना माग येईल. जाणकारांनी सांगावे, ॲप खरोखर आवश्यक आहे का, की असलेली वेबसाइटच मोबाइलवर नीट चालवता येते?

वेबकाम (जुळे सोलापूर)

ॲपचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण सांगितलेले चारही दोष वेबसाइटमध्येच दुरुस्त होणारे आहेत, आणि ते दुरुस्त न करता ॲप काढले तर तीच जड छायाचित्रे ॲपमध्ये जातील.

मोहरीएवढ्या अक्षरांचे कारण जुने आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जगातल्या बहुतेक वेबसाइट संगणकाच्या रुंद पडद्यासाठी केलेल्या होत्या. त्या फोनवर मोडू नयेत म्हणून त्याच्या ब्राउझरने एक युक्ती केली. आपला पडदा ९८० पिक्सेल रुंद आहे असे समजून तो पान मांडतो आणि मग ते सगळे पान आकसून प्रत्यक्ष पडद्यात बसवतो. पुढे इतरांनीही हीच वाट धरली आणि ती आजही चालू आहे. फोनच्या खोक्यावर १०८० ठिपक्यांचा पडदा असे लिहिलेले असले, तरी मांडणीच्या हिशेबात ब्राउझर त्याची रुंदी साधारण ३६० ते ४१२ पिक्सेल धरतो. म्हणजे ९८०चे पान ३६० मध्ये कोंबले की १६ मापाचे अक्षर ६च्या आसपास येते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पानाच्या शीर्षभागात घालायची व्ह्यूपोर्टची एक ओळ. पानाची रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी धरावी आणि सुरुवातीचे झूम १ असावे, एवढेच ती ब्राउझरला सांगते. मात्र नुसती ओळ घालून थांबलात तर आपले तीन रकाने उजवीकडे पडद्याबाहेर जातील, कारण २०१४च्या त्या मांडणीत त्यांच्या रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून बसवलेल्या असणार. त्या सैल कराव्या लागतील. अरुंद पडद्यावर रकाने एकाखाली एक यावेत आणि रुंद पडद्यावर शेजारी शेजारी. यालाच २०१०पासून रिस्पॉन्सिव्ह मांडणी म्हणतात. काही जण या ओळीत बोटांनी झूम करण्यास बंदीही घालून ठेवतात. ती घालू देऊ नका. आपले गिऱ्हाईक चादरीची वीण जवळून पाहण्यासाठी झूम करणारच.

यादीचा दोष तुम्ही बरोबर ओळखला आहे. बोटाला ‘वर नेणे’ ठाऊक नाही, फक्त टेकणे ठाऊक आहे. म्हणून यादी टेकल्यावर उघडली पाहिजे. तिच्यातल्या ओळीही बोटाच्या मापाच्या हव्यात. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायच्या जागेचे माप ४८ एकक सांगितले आहे, आणि ते पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर भरते. ॲपलचे माप ४४ आहे.

छायाचित्रांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र सहज ४००० पिक्सेल रुंद आणि पाच-सात एमबीचे असते. ते तसेच चढवले असेल तर गिऱ्हाइकाचा फोन ते सगळे उतरवून घेतो आणि मग तळहाताएवढे करून दाखवतो. डेटा पूर्ण चादरीचा खर्च होतो आणि दिसतो रुमाल. १२०० पिक्सेल रुंदीची, वेबपी या छायाचित्र हलके करणाऱ्या स्वरूपातली प्रत फोनला पुरते आणि ती बहुधा शंभर-दोनशे केबीत बसते. पहिले छायाचित्र सोडून बाकीची पान खाली सरकवल्यावरच उतरावीत, अशी सोय ब्राउझरमध्येच आहे. प्रत्येक छायाचित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये अवश्य लिहावी. ती लिहिली नाही तर छायाचित्र उशिरा येते, खालचा मजकूर एकदम खाली ढकलला जातो आणि ‘मागणी नोंदवा’वर टेकू पाहणारे बोट ‘रद्द करा’वर पडते. गूगल या हिसक्याचे मोजमाप करते आणि ते ०.१च्या आत असावे अशी अपेक्षा ठेवते. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशीही तिची एक कसोटी आहे.

पैशांचे म्हणाल तर यूपीआयसाठी क्यूआर कोडखेरीज दुवाही देता येतो. त्यावर टेकले की फोनमधले यूपीआय ॲप रक्कम भरलेल्या स्थितीत उघडते. संगणकावर क्यूआर राहू द्यावा, फोनवर बटण दाखवावे. यासाठी खाते व्यापारी स्वरूपाचे घ्यावे, आणि ‘पैसे भरले’ असे गिऱ्हाइकाचा फोन सांगतो म्हणून माल पाठवू नये. बँकेकडून किंवा पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेकडून) खातरजमा झाल्यावरच मागणी पक्की धरावी.

अक्षरजुळणी

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त मराठी मजकुराविषयी भर घालतो, कारण वेबसाइट करणारे बहुतेक जण इंग्रजी नमुन्यात मराठी ओततात आणि निघून जातात.

इंग्रजीसाठी बसवलेले ओळींमधले अंतर देवनागरीला पुरत नाही. वरचा रफार आणि मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरांचे पाय यांना जागा लागते. अक्षराच्या मापाच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर ठेवून पाहावे. शीर्षकांत शोभेसाठी अक्षरांमध्ये वाढवलेले अंतर तर ताबडतोब काढून टाकावे, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘सोलापुरी चादर’ हे शब्द दात पडलेल्या कंगव्यासारखे दिसतात.

पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये नोंदवावे. पडद्यावर बोलून वाचून दाखवणाऱ्या सोयींना त्याचा उपयोग होतोच, शिवाय काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्या नोंदीमुळेच उमटतात. नोंद नसेल तर हिंदी वळणाचे येतात. बाहेरून फॉन्ट उतरवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, असे माझे मत आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, आणि अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी आधीपासून असतो. भाव वाचता आला म्हणजे झाले.

आपली वेबसाइट जुनी आहे म्हणून एक शंका विचारतो. वाणांची नावे चित्राच्या रूपात तर नाहीत ना? पूर्वी युनिकोड (सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धती) टाळण्यासाठी असे सर्रास करत. चित्रातला मजकूर लहान पडद्यावर स्वतःहून ओळी मोडत नाही, आणि ‘मोराची चादर’ असे बोलून शोधणाऱ्याला तो सापडण्याचा भरवसाही नसतो.

बार्शीचा दुकानदार

मला कोड समजत नाही, पण मी आपल्यासारख्यांकडूनच माल घेतो, म्हणून खरेदीदाराची बाजू सांगतो. वर्षातून चार वेळा चादरी मागवण्यासाठी मी कोणाचेही ॲप घेणार नाही. फोनमध्ये जागा नाही. जी आहे ती नातेवाइकांच्या सुप्रभात संदेशांनी व्यापलेली आहे.

मी बहुतेक मागण्या एसटी स्टँडवर उभा राहून, एका हातात पिशवी धरून देतो. उन्हात पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाची अक्षरे अजिबात दिसत नाहीत. दुकानाचा क्रमांक टेकल्याबरोबर फोन लागावा. तो कागदावर उतरवून घ्यायला लावणारी वेबसाइट पुन्हा उघडावीशी वाटत नाही. मागणीच्या अर्जात मोबाइल क्रमांक आणि पिनकोड लिहिताना अंकांचा कळफलक यावा, आणि ई-मेल सक्तीने मागू नये. माझा ई-मेल मुलाने काढून दिला होता. त्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. आणखी एक, चादरीचे माप आणि वजन भावाच्या शेजारीच लिहावे. तेवढ्यासाठी तीन पाने उघडावी लागली की मी सरळ व्हॉट्सॲपवर विचारतो आणि मग उत्तर लिहिण्यात तुमचाच वेळ जातो.

टॉवेलबाजार

सर्वांनी ॲपला इतक्या लवकर निकालात काढू नये. आमचे साठ-सत्तर कायमचे व्यापारी आहेत आणि नवा वाण आला की त्यांना कळवावे लागते. वेबसाइट स्वतःहून कोणाला हाक मारत नाही. ॲपची सूचना थेट फोनवर वाजते.

वेबकाम (जुळे सोलापूर)

कायमच्या व्यापाऱ्यांबाबत आपला मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठीही वेगळे ॲप लागतेच असे नाही. वेबसाइट होम स्क्रीनवर चिन्ह म्हणून ठेवता येते आणि परवानगी घेऊन सूचनाही पाठवता येतात. अँड्रॉइडवर हे बरीच वर्षे चालते. आयफोनवर ही सोय २०२३ मध्ये आयओएस १६.४पासून आली, तीही वेबसाइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. मात्र पान उघडताक्षणी परवानगी मागू नये. दुकानाची पायरी चढण्याआधीच कोणी पत्ता विचारला तर आपणही मागे फिरतो.

गूगलवर दिसण्याचा प्रश्नही यात आहे. २०१५पासून गूगल मोबाइलवरच्या शोधात फोनला साजेशा पानांना झुकते माप देऊ लागले, आणि आता शोधासाठी ते वेबसाइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रामुख्याने वाचते. म्हणून ‘फोनवर कमी मजकूर दाखवू’ या हेतूने चादरीचे वर्णन काढून टाकू नये. पूर्वी गूगलचे मोबाइल तपासणीचे एक स्वतंत्र पान होते, ते २०२३च्या डिसेंबरात बंद झाले. आता गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या तपासणीच्या पानावर वेबसाइटचा पत्ता टाकून पाहावे.

यंत्रमागवाला (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. ॲपचा विचार सोडला. गेल्या तीन आठवड्यांत भाच्याला हाताशी धरून बरेच काम उरकले. वाणांची नावे खरोखरच चित्रांत होती. ती सगळी पुन्हा टाइप केली. निळ्या चादरीचे छायाचित्र ६.८ एमबीचे निघाले, ते १४० केबीवर आणले, आणि दोन्ही प्रती फोनवर शेजारी ठेवून पाहिल्या तरी मला फरक ओळखता आला नाही. बार्शीकरांच्या सांगण्यावरून माप आणि वजन भावाखाली घेतले, अक्षरे काळी केली.

एक अडचण राहिली आहे. माझ्या फोनवर सर्व ठीक दिसते, परंतु वडिलांनी त्यांच्या फोनमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवली आहेत. त्यांच्या पडद्यावर ‘मागणी नोंदवा’ या बटणात फक्त ‘मागणी’ दिसते आणि ‘नोंदवा’चे डोके तेवढे खालून डोकावते. शिवाय पत्ता लिहायला घेतला की कळफलक वर येतो आणि ते बटण त्याच्यामागे जाते. वडील म्हणाले, “बटण गेलं कुठं?”

वेबकाम (जुळे सोलापूर)

वडिलांनी फुकटात उत्तम तपासणी केली. बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठरवलेली दिसते. ती काढून त्याऐवजी मजकुराभोवती वरखाली मोकळी जागा द्यावी, म्हणजे अक्षरे मोठी होऊन ‘नोंदवा’ दुसऱ्या ओळीत गेले तरी बटण त्याबरोबर वाढेल. अक्षरांची मापेही पिक्सेलऐवजी रेम या, ब्राउझरच्या मूळ अक्षरमापाच्या प्रमाणात बदलणाऱ्या एककात लिहावीत.

कळफलकाचे कारण वेगळे आहे. ते बटण पडद्याच्या तळाशी चिकटवून ठेवलेले असणार. तिथून सोडवून ते पत्त्याच्या चौकटीखाली, पानाच्या ओघात ठेवा. पान सरकवले की सापडेल. अर्ज भरताना तळाशी काहीही चिकटवू नये. तेवढे करताना चौकटींतल्या अक्षरांचे माप १६च्या खाली नाही ना, हेही पाहून घ्या. ते कमी असेल तर आयफोन चौकटीवर टेकताच पान आपोआप मोठे करतो आणि उजवी बाजू पडद्याबाहेर जाते.

यंत्रमागवाला (सोलापूर)

अक्षरांचे माप १४ होते, ते १६ केले. बटणही पत्त्याखाली आणले. आज सकाळी वडिलांनी त्यांच्या फोनवरून, चष्मा न लावता, आमच्याच दुकानात दोन टॉवेलची मागणी नोंदवली आणि यूपीआयने पैसेही भरले. आता ते विचारत आहेत की माल घरी कधी पोहोचेल.