लीडरशिपच्या नावाखाली परदेशात जाऊन आलेल्यांनो, इथे बसा (अनुभव धागा)

सिंहगडरोडवाली
काल लेकाला घेऊन पु. ल. देशपांडे उद्यानात गेले होते. तो कोई मासे बघत बसला आणि एकदम विचारतो, आई हे मासे खातात का गं? आणि मला डायरेक्ट २००९ आठवलं. ती बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलीये हे माहितीच असेल सगळ्यांना. मूळ बाग १७०० सालची, आत चक्क भाताची खाचरं आणि चहाचा मळा आहे, मी तिथे उभी राहून आईला फोन केला होता की अगं सिंहगड रोडच्या बागेत आलेय असं वाटतंय, तर ती म्हणाली मग येताना कोथिंबीर आण.

तर रोटरी क्लबचं ग्रुप स्टडी एक्सचेंज असायचं, १९६५ पासून चालू होतं, २०१३ ला बंद केलं. पंचवीस ते चाळीस वयाचे चार नोकरी-धंदावाले, रोटरीचे मेंबर नसलेले, आणि सोबत एक रोटेरियन टीम लीडर. चार-सहा आठवडे लोकांच्या घरात राहायचं आणि आपापल्या कामाच्या जागा बघायच्या. त्यातूनच २००९ ला आम्ही जपानला गेलो. मी फिजिओ, २७ वर्षांची. लीडर म्हणजे आमचे काका, सदाशिव पेठ, स्वतःचं छोटं वर्कशॉप, जपानी शून्य आणि इंग्रजी पण पेठेतलंच.

पहिले तीन दिवस काका, मी आणि आमची बँकवाली एकाच घरी होतो. बँकवाली कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. पहिल्याच रात्री सूप आलं आणि हिने दोन वाट्या प्यायलं, म्हणे अगदी कटाच्या आमटीची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर यजमानीणबाई पाकिटातून सुकवलेल्या माशाचे पापुद्रे काढून उकळत होत्या. त्यांच्या बहुतेक सुपांचा पाया तोच, दाशी म्हणतात. काकांनी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे मासा काढला आणि त्यावर फुली मारली. बाई दहा वेळा वाकल्या, हाय हाय (म्हणजे हो हो) म्हणाल्या. दुपारी चिकन आलं! मग काकांनी दुसऱ्या कार्डावर कोंबडी काढली, फुली. मग डुक्कर, मग गाय, कार्डांवर अख्खा पांजरपोळ झाला. शेवटी बाईंनी फडताळातून काळपट हिरवी, वाळून कडक झालेली एक पट्टी काढली आणि नुसतं काकांच्या तोंडाकडे बघितलं. समुद्री शेवाळ, कोंबू. काकांनी अंगठा वर केला.

बँकवालीला हे परतीच्या विमानात कळलं. ती जाम चिडली, आधी का नाही सांगितलंत? काका म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस आणि ती बाई झोपली नसती.

बरोबर केलं का त्यांनी, मला अजून ठरवता आलेलं नाहीये. पण त्या ट्रिपवर लीडरशिप या शब्दाची जेवढी भाषणं झाली त्यातलं एकही आठवत नाही, ती कार्डं आठवतात. तुमचे पण सांगा, कुठल्याही देशाचे चालतील.

खादाडखाऊ
कटाची आमटी 😂😂 मेलो

पेठेतला पोपट
काकांनी चुकीचं केलं असं माझं मत. मी शाकाहारी आहे, मला सांगायला पाहिजे होतं. आणि पेठेतलं इंग्रजी म्हणजे काय हो, आमच्याकडे दोनच शब्द लागतात, येस आणि नो, त्यातला नो जास्त.

भोसरीकर
मी २०१६ ला गेलो होतो, कंपनीतून आम्ही नऊ जण, नागोयाला. टोयोटाचं म्युझियम आहे तिथे, पण गाड्या नंतर, आधी सगळे माग. त्यांचा धंदाच मागाचा होता मुळात. साकिची टोयोदाने १९२४ मध्ये जो माग केला त्यात प्रत्येक उभ्या धाग्याला एक पातळ पत्री लटकवलेली असते, धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. गाईड मुलीने आमच्यासमोर कात्रीने एक धागा कापला. टक. बंद. बाकीचे फोटो काढत होते आणि माझ्या डोळ्यात पाणी, कारण माझे आजोबा सोलापूरला गिरणीत होते, रात्रपाळीत मागांमधून नुसते चालत राहायचे तुटलेला धागा शोधत, एक सुटला की वारभर कापड वाया आणि पगारातून कट. आणि इथे ते काम एक पत्री करतेय, कधीपासून, तर आजोबांच्या लहानपणापासून!!

परत आल्यावर उत्साहात प्रेझेंटेशन दिलं आणि आमच्या असेंब्ली लाईनला पण टोयोटात असते तशी दोरी लावली, काही चुकलं की वर्करने ओढायची, लाईन थांबवायची. तिसऱ्या दिवशी एका पोराने ओढली. तिथे दोरी ओढली की लीडर येऊन विचारतो काय झालं. आमच्याकडे साहेब पळत आले आणि विचारलं कोणी ओढली. दोरी आहे अजून. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालतात.

चहाबाज
भोसरीकर, हार 👌 आमच्याकडे सजेशन बॉक्सला पण घालतात.

मिनू_कोथरूड
माझं सिलेक्शन झालं होतं सिंगापूरला, दोन आठवडे, पूर्ण ऑफिसमधून सहा जण. व्हिसा पण आला होता. लेक अकरा महिन्यांची होती. कोणी जाऊ नको म्हणालं नाही, सगळे फक्त तू बघ तुला काय वाटतं म्हणत होते. नाही गेले. जो माझ्या जागी गेला तो आज माझा बॉस आहे, चांगला आहे बिचारा. असो, कुकर झालाय, जाते.

सिंहगडरोडवाली
मिनू 🫂 'तू बघ' हे फार डेंजर वाक्य आहे.

स्कूटीक्वीन
मिनू, सेम. माझ्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या जा खुशाल, आणि त्याच संध्याकाळी त्यांचं बीपी वाढलं.

आमचं हॅनोय झालं, २०१८. फॅसिलिटेटर बाहेरचा होता, त्याची मोठी ॲक्टिव्हिटी होती, 'कम्फर्ट झोनच्या बाहेर या', म्हणजे काय तर होआन किएम तळ्याजवळचा रस्ता ओलांडायचा. सिग्नल नाही, हजारो स्कूटर, कोणी थांबत नाही, तुम्ही एका लयीत चालत राहायचं, ते तुमच्या बाजूने वळून जातात. तो बिचारा अर्धा तास समजावत होता, भीतीवर मात, विश्वास, श्वास वगैरे. त्याने मागे वळून बघितलं तर आम्ही चौदांपैकी तेरा जण पलीकडे अंड्याची कॉफी पीत होतो. लक्ष्मी रोड दिवाळीच्या आदल्या शनिवारी ओलांडणाऱ्यांना काय भीती शिकवतो रे. फक्त आमच्यातला एक मागे राहिला होता, तो नागपूरचा.

वऱ्हाडी_इन_पुणे
नागपूरवर जाऊ नका 😤 आमचे रस्ते रुंद आहेत, सवय नाही.

खादाडखाऊ
अंड्याची कॉफी कशी लागते? वास येतो का?

स्कूटीक्वीन
नाही येत. पिवळं बलक आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून वर घालतात, चमच्याने खायची.

अभ्या७
खरं सांगू का, ही सगळी थेरं आहेत. आमची बँकॉक ट्रिप, चार दिवस, 'फ्युचर लीडर्स'. दीड दिवस सेशन, बाकी शॉपिंग. परत आल्यावर दोन वर्षांचा बॉण्ड समोर ठेवला. लीडर कसले, ओलीस. हलके घ्या.

वाटसरू
मी सहसा लिहीत नाही. हिरोशिमाला गेलो होतो आमच्या ग्रुपबरोबर. शाळेत ६ ऑगस्ट १९४५ पाठ केलेलं असतं, सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला हे पण माहीत असतं. म्युझियममध्ये एक तीनचाकी सायकल आहे, गंजलेली. चार वर्षांचाही नसलेला पोरगा तिच्यावर खेळत होता. त्याच रात्री गेला. वडिलांनी त्याला घरामागे पुरलं आणि सायकलही त्याच्यासोबत, एकटा पडू नये म्हणून. चाळीस वर्षांनी, १९८५ ला, त्यांनी ती काढून म्युझियमला दिली. माझा मुलगा तेव्हा साडेतीनचा, व्हिडिओ कॉलवर रोज विचारायचा काय आणणार.

संध्याकाळी हॉटेलवर आमचं रिफ्लेक्शन सेशन होतं, स्टिकी नोट्स वाटलेल्या. सगळ्यांच्या कोऱ्या. ज्याने सेशन ठेवलं होतं त्यानेच त्या गोळा केल्या आणि म्हणाला जेवून घ्या.

चहाबाज
...

भोसरीकर
वाटसरू, आम्हाला वेळापत्रकात बसलं नाही म्हणून हिरोशिमा वगळलं होतं. शॉपिंग बसलं होतं.

नाव_नको
जरा हलकं करतो वातावरण. जपान, ऑनसेन, म्हणजे गरम पाण्याची सार्वजनिक आंघोळ, अंगावर सूतही चालत नाही. आमचे व्हीपी साहेब, ज्यांच्या केबिनमध्ये जाताना आम्ही शर्ट खोचतो, ते समोरून डोक्यावर छोटा टॉवेल ठेवून आले आणि म्हणाले, गुड इव्हिनिंग टीम. आमच्यातला एक बर्म्युडा घालून उतरला होता त्याला एका जपानी आजोबांनी हाताला धरून बाहेर काढलं. त्यानंतर साहेबांच्या मीटिंगमध्ये कोणीच कोणाच्या डोळ्यात बघत नाही. टीम बिल्डिंग म्हणे.

पेठेतला पोपट
😂😂😂 मी काकांना माफ केलं, हे वाचल्यावर कशाचंच काही वाटेना.

औंधची_आजी
मी काही तरुण नाही, पण मुलगी तैवानला गेली होती अशीच टीमबरोबर. तिने सांगितलं तिथे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि सगळे लोक पिशव्या घेऊन खाली धावतात, रस्त्यावर ठेवायचाच नाही कचरा. मी म्हटलं यात परदेश काय, आपली घंटागाडी पण गात येते. तर म्हणाली, आई, पण तिथे लोक गाडीत टाकतात.

मिनू_कोथरूड
आजी 😂 परत आले. ओट्यावरची चपातीची कणीक राहिली मळायची पण हा धागा सोडवेना. सिंहगडरोडवाली, ती जपानी बाई आहे का गं अजून? काही संपर्क?

सिंहगडरोडवाली
आहे. दर वर्षी जानेवारीत नववर्षाचं पोस्टकार्ड येतं, खाली लॉटरीचा नंबर छापलेला असतो, तिकडे तशी पद्धतच आहे. मी पहिल्या वर्षी चितळेंची बाकरवडी पाठवली होती, त्यावर त्यांनी मुलाकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं की ग्रीन टीबरोबर खाल्ली, तिखट आहे, संपली. काका आता पंच्याहत्तरचे झाले. काल बागेतून फोन केला त्यांना, तर मासा म्हटल्यावर आधी आठवेना. मग म्हणाले, अगं तो मासा वाईट काढला होता मी, ती त्याला बदक समजली असणार, म्हणून चिकन आलं.

खादाडखाऊ
ते कोंबू पुण्यात कुठे मिळेल का? सिरीयसली विचारतोय.

स्कूटीक्वीन
बाणेरकडे कोरियन सामानाची दुकानं आहेत तिकडे बघ. पाकिटावर मासा नाही ना ते नीट बघून घे.