अनुभव धागा : मुलांना वाचायला कसं शिकवलंत? फोनिक्स, गमभन की घोकंपट्टी?

लेक सीनियर केजीत आहे. शाळेतून फोनिक्सचं (अक्षरांच्या नावांऐवजी आवाज जोडून वाचायला शिकवायची पद्धत) पुस्तक आलं. क्रम स, ॲ, ट, प, इ, न! एबीसीडी कुठे गेली हे कळायलाच मला दोन दिवस लागले. (या सहा आवाजांतून लगेच सॅट, पिन, टॅप जुळतात, म्हणून ते आधी.) आता गाडी अडलीय. ती 'टअ-ॲ-पअ' म्हणते आणि जोडलं की 'टॅप'ऐवजी 'टॲपअ' होतं. तुम्ही काय केलंत? फसलेले अनुभवही लिहा.

*

दोष लेकीचा नाही, आपल्या बाराखडीचा. आपल्या 'प'मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो. मी मुलाला 'पाय मोडलेला प्' दाखवला. तो आठवडाभर घरात लंगडत प्, ट् करत हिंडला, पण जमलं. आणि सुरुवात स, म, न पासून करा. स्स्स, म्म्म असं लांबवता येतं. प, ट लांबवताच येत नाहीत, म्हणून त्यांना 'अ' चिकटतो.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ताई, क्रमाचं नवल वाटून घेऊ नका, आपण तरी ग म भ न कुठे ओळीने शिकलो? तिथे वळण जुळतं, इथे शब्द जुळतात, एवढाच फरक. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आम्हीही 'सी ए टी कॅट' पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. पोरं कॅट धडाधड वाचायची, फळ्यावर 'मॅट' लिहिलं की वर्ग चिडीचूप. म्हणजे वाचत कोणी नव्हतंच. आता जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला अक्षरं लिहून ठेवलीत. 'ॲट' तसंच ठेवायचं, पुढचं अक्षर तेवढं बदलायचं. व्ही आणि डब्ल्यू मात्र अजून छळतात, आम्हा सगळ्यांना दोन्ही 'व'च. 'व्हॅन'साठी खालचा ओठ दातांना टेकवून दाखवतो. पोरं हसतात.

*

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. इकडे इयर वनच्या (पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग) जूनमध्ये फोनिक्सची तपासणी असते, २०१२ पासून. ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, त्यांच्या शेजारी राक्षसाचं चित्र. पाठांतरावर निभावू नये म्हणून. आमचे चिरंजीव सरावात 'ब्लॅन'ला 'प्लॅन' वाचून आले. बरं वाचणारी मुलंही इथे कधी घसरतात, अर्थ शोधायची सवय ना! 'वॉझ'ला 'वॅस' करायचा, असे आडमुठे शब्द वेगळे पाठ करावे लागले.

त्याची आजी व्हिडिओ कॉलवर मराठी शिकवते. तो खूश, इथे अक्षराचं नाव तोच आवाज! मग 'चमचा' आणि 'चहा' एकाच धड्यात आले. "हे दोन च वेगळे आहेत," तो म्हणाला. आजी हसली, मी गप्प.

*

आमच्याकडे फोनिक्सचा क्लास लावूनही तिसरीपर्यंत वाचन आलं नाही. "आळशी आहे," असं शाळेत ऐकलं आणि मीही ओरडले, ते आजही टोचतं. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. विशेष शिक्षिकेनेही आवाजच शिकवले, पण मुंगीच्या पावलांनी. रव्याच्या ताटात बोटाने अक्षर गिरवायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. एकेका आवाजाला पंधरा-पंधरा दिवस. क्लासमध्ये तेवढ्यात पुस्तक संपलं होतं.

*

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून 'कनिफे' म्हणजे नाइफ, असं पाठ करायचो. नातू म्हणतो, के सायलेंट असतो. माझ्या डोक्यात अजून बोलतो.

*

धागाकर्ती पुन्हा. पाय मोडलेला प् चालला! काल 'टॅप' वाचलं, लगेच 'नॅप'ही. सगळ्यांचे आभार, रवाही काढून ठेवलाय. आता दुसरीतला दादा विचारतोय, पाय मोडल्यावर र डोक्यावर कसा चढतो? गुरुजी, याचं काय सांगू?