आईला नागीण झाली, आता आप्पांना लस द्यावी काय?

मलप्रभा_काठ
नमस्कार मंडळी. मी खानापूरजवळच्या खेड्यातला, कामाला रोज बेळगावला येऊन-जाऊन करतो. जरा लांबण लागेल पण वाचा आणि सांगा.

आई ६४ वर्षांची. रोप लावणीच्या गडबडीत उजव्या कुशीत बरगडीखाली ठणकायलंय म्हणाली, आम्हाला वाटलं दिवसभर वाकून लचक भरली असेल, बाम चोळला. तिसऱ्या दिवशी तिथं लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड, पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मधोमध येऊन थांबलेले. शेजारच्या काकू बघितल्या बघितल्या म्हणाल्या ही नागीण, तोंड आणि शेपूट जुळायच्या आत काव (गेरू) लावून घ्या. गावात एकजण मंत्र घालून काव लावतात, त्यांच्याकडे तीन दिवस नेलं. मीच नेलं गाडीवर बसवून. चौथ्या दिवशी ताप भरला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी व्हॅलासायक्लोविर ही विषाणूवरची गोळी चालू केली पण म्हणाले की फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत आला असता तर जास्त उपयोग झाला असता. ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना झालंय.

आता दीड महिना झाला, खपल्या पडून गेल्या, कातडीवर नुसते काळे डाग राहिलेत, पण दुखणं तसंच आहे. ब्लाऊज घालवत नाही, आप्पांचा जुना मऊ झालेला सदरा उलटा करून घालते कारण शिवण टोचते. पंखा लावला तर वाऱ्यानं आग होते, बंद केला तर घामानं. रात्री दोनला उठून बघतो तर भिंतीला डावी बाजू टेकून बसलेली असते, विचारलं की म्हणते "मिरची वाटून चोळल्यागत होतंय रे बाळा".

मुद्दा आप्पांचा. ते ६८ वर्षांचे, शुगर आहे बारा वर्षं. डॉक्टर म्हणाले नागिणीची लस आहे, त्यांना देऊन टाका. पुण्याचा भाऊ पण घ्या म्हणतो, आत्या म्हणते लस टोचली की तीच नागीण अंगात येते, आणि आप्पा म्हणतात एवढ्या पैशात मोटर दुरुस्त होऊन वर पाइप येतील. कुणी घेतलीय काय? आणि आईला आता देता येते काय?

वडगावचा_माग
दादा, तुमच्या आईचं वाचून माझं सगळं परत आठवलं. मी यंत्रमागावर असतो, वय ५७. मला डाव्या बाजूला छातीत दुखायला लागलं, घरचे घाबरले, हार्टचं असेल म्हणून रात्री ईसीजी काढला, तो नॉर्मल, गॅस झालाय म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी फोड आले तेव्हा कळलं. मी त्याच दिवशी गेलो म्हणून ॲसायक्लोविर वेळेत चालू झालं, ८०० ची गोळी दिवसातनं पाच वेळा असं सात दिवस. तरीपण मागून दुखणं आठ महिने राहिलं. मागापुढं उभं राहिलं की शर्ट हलतो ना, तेवढं हललं तरी करंट बसल्यासारखा चमका यायचा. तेव्हा वेळेत गेलं तरी दुखणं राहू शकतं, सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीनं मला हळूहळू फरक पडला, पहिले पंधरा दिवस नुसती गुंगी.

लस मी बरा झाल्यावर घेतली, दोन्ही डोस. पहिल्याला दंड सुजला, रात्री थंडी वाजून ताप, दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी मागावर होतो.

निवृत्त_सिस्टर_टिळकवाडी
मी तेहेतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लहानपणी ज्या कांजिण्या येतात त्यांचाच हा विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातनं जात नाही, कण्याजवळ नसांच्या मुळाशी पडून राहतो. वय झालं, शुगर असली, कॅन्सरची किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असली, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली की त्यातल्या एखाद्या नसेतनं तो परत बाहेर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला पसरलेली असते म्हणून पट्टा मध्यावर येऊन थांबतो. तोंड-शेपूट जुळून माणूस जातो हे खरं नाही. आणि नस दुखावलेली असते म्हणून कातडी भरून आली तरी आग राहते. तीन महिन्यांच्या पुढं दुखणं राहिलं की त्याला डॉक्टर वेगळं नाव देतात, पण उपचार तोवर थांबवून ठेवायचा नसतो. तुमच्या आईला प्रीगाबालिन, गॅबापेंटिन किंवा रात्रीची अमिट्रिप्टिलिन यातलं काही चालू आहे काय ते आधी विचारा. नुसती पॅरासिटामॉल देत असाल तर ती या दुखण्याला पुरत नाही. लिडोकेनचे पॅच पण मिळतात, मात्र फोड पूर्ण सुकल्यावरच लावायचे. या गोळ्यांनी चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना सोबत जा, आणि एकदम बंद करू नका.

लस आता हिला दिली तर हे दुखणं कमी होणार नाही, ती उपचाराची नव्हे. पण नागीण परत होऊ शकते म्हणून पूर्ण बरी झाल्यावर हिलाही द्यावी असंच सांगतात. बरेच डॉक्टर काही महिने थांबायला लावतात, तेवढं त्यांनाच विचारा.

आप्पांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, द्या. आत्यांना सांगा, आता मिळते त्या शिंग्रिक्स लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्यावरचं एक प्रथिन तेवढं असतं, त्यानं नागीण होऊ शकत नाही. जुनी झोस्टाव्हॅक्स होती ती जिवंत विषाणूची, तिचा परिणाम निम्म्याच्या आसपास होता, अमेरिकेत ती २०२० मध्ये बंदच केली. या नव्या लशीनं चाचण्यांत पन्नाशीच्या पुढच्या लोकांत ९७ टक्के आणि सत्तरीच्या पुढं ९१ टक्के संरक्षण दिसलं. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या की नाही आठवत नसेल तरी चालतं.

उचगाव_७१
राग मानू नका सिस्टर, पण मला स्वतःला काव लावूनच पंधरा दिवसांत गुण आला होता. एकही गोळी खाल्ली नाही. मग ते काय खोटं?

निवृत्त_सिस्टर_टिळकवाडी
राग कसला काका. तुमचा अनुभव खराच आहे. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपले आपण सुकतात, कुणी काही करो न करो. म्हणून काव लावणाऱ्याला पण यश येतं आणि लोकांचा विश्वास बसतो. गोळी कशासाठी, तर विषाणूची वाढ रोखायला, आणि ती पहिल्या तीन दिवसांतच जोरात असते. नेमके तेच तीन दिवस तिकडं जातात. वॉर्डात अशी माणसं मी इतकी बघितलीत की आजही कुणाच्या अंगावर काव दिसली की आधी विचारते, कधी उठलं ओ हे?

संकेश्वरची_सून
एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंना कपाळावर उठली होती, नाकाच्या शेंड्यावर पण एक फोड. आम्ही त्याकडे लक्षच दिलं नाही. डोळा लाल झाला तेव्हा कोल्हापूरला नेलं, डोळ्याचे डॉक्टर म्हणाले नाकाच्या शेंड्यावर फोड आला म्हणजे डोळ्यातही उतरायची भीती असते, त्याच दिवशी यायचं होतं. आता त्या डोळ्यानं धूसर दिसतं. चेहऱ्यावर उठलं तर एक दिवसही थांबू नका. आणि ओले फोड असताना ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत अशा गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला जवळ घेऊ नका, त्या पाण्यातनं त्यांना कांजिण्या होऊ शकतात. मी तेव्हा पाच महिन्यांची होते, मला लहानपणी येऊन गेल्या होत्या म्हणून निभावलं.

निपाणी_औषधवाला
दुकानदार म्हणून सांगतो. ही लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते. एका डोसाला दहा हजाराच्या आसपास धरा, दोन डोस लागतात, मधे दोन ते सहा महिन्यांचं अंतर. सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळं खिशातनंच जाणार. आमच्याकडे आधी सांगावं लागतं, मागवून देतो. फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीतच राहिली पाहिजे, म्हणून घरी नेऊन ठेवू नका, दवाखान्यात फोन करून वेळ ठरवा आणि आइसपॅकमधनं थेट तिथंच न्या. पावडर आणि पाणी वेगवेगळं असतं, ते मिसळून दंडात टोचतात. दुसरा डोस चुकवू नका, बरेच लोक एक घेऊन फिरकत नाहीत. आणि दादा, तुम्ही स्वतः पन्नाशीच्या आतले असाल आणि तब्येत चांगली असेल तर तुम्हाला आता गरज नाही, आधी आप्पांचं करा.

मलप्रभा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्ही म्हणाला तसंच निघालं, आईला नुसती दुखण्याची साधी गोळी चालू होती. काल परत नेलं, प्रीगाबालिनचा कमी डोस रात्रीचा सुरू केलाय. पहिल्याच रात्री चार तास झोपली, मी दोनला उठलो तर तिची जागा भिंतीपाशी रिकामी होती, क्षणभर छातीत धस्स झालं, मग बघतो तर आत अंथरुणावर आडवी.

आप्पांना वीस हजाराचा हिशेब मी सांगितला नाही. आईच उठून त्यांच्यापुढं बसली, सदरा वर करून डाग दाखवले आणि म्हणाली हात लावून बघा. त्यांनी बोट टेकवलं आणि ती कळवळली. आप्पा काही बोलले नाहीत, संध्याकाळी मला म्हणाले शुगर तपासून घे आणि ते इंजेक्शन मागव. पुढच्या आठवड्यात पहिला डोस.

काव लावणाऱ्या मामांनाही भेटलो, ते आमच्या ओळखीचे, वाईट माणूस नव्हे. त्यांना म्हटलं काव लावा, पण आलेल्याला त्याच दिवशी दवाखान्यात धाडा. तीन दिवसांचं गणित समजावलं. बघू म्हणाले.

वडगावचा_माग
आईंसाठी एक सांगतो, नवं कापड नको, दहा-बारा वेळा धुतलेली सुती साडी दुमडून आतनं पट्टा बांधा, सैल नको आणि घट्टही नको. कापड घासलं की आग होते, अंगाला धरून बसलं की कमी होते. मला यानंच परत कामावर उभं राहता आलं. मापाला साडी नसेल तर सांगा, माझ्याकडे जुनी पडून आहे, खानापूर बसला देऊन टाकतो.