ॲक्सेस पोर्टवर बीपीडीयू गार्ड सक्तीचा हवा का?

धागाकर्ता: माझं मत ठाम आहे: युजरच्या टेबलापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक पोर्टवर, म्हणजे ॲक्सेस पोर्टवर, गार्ड हवाच. तिथे बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात तो स्पॅनिंग ट्रीचा संदेश) आला की गार्ड पोर्ट बंद करतो. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे गोल फिरणारा मार्ग, होऊ नये म्हणून जादा लिंक ब्लॉक करणारी स्विचमधली पद्धत) समोरच्याची ओळख विचारत नाही. स्विचची प्रायॉरिटी सगळीकडे डीफॉल्ट ३२७६८ च ठेवली असेल, तर ज्याचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा क्रमांक) लहान तो रूट, म्हणजे सगळे मार्ग ज्याच्यापासून ठरतात तो मुख्य स्विच. बरेचदा तो स्टोअरमधून काढून कुणीतरी लावलेला जुना स्विच निघतो. तो दोन्ही कोर (नेटवर्कच्या मध्यवर्ती) स्विचना जोडलेला असेल, तर कोरमधली मोठी लिंक ब्लॉक होऊन सगळं ट्रॅफिक त्याच्यातून जातं. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्री बिघडल्यामुळे काही दिवस कोलमडलं होतं; डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं.

कारखान्यातला आयटीवाला: धोका मान्य, सक्ती अमान्य. आमच्याकडे एका लाइनला एकच केबल ओढलेली असते. मशीन वाढलं की मेंटेनन्सवाले तिथे छोटा स्विच लावतात. गार्डमुळे पोर्ट एरर-डिसेबल झाला, म्हणजे बंद पडला, की प्रॉडक्शन बंद आणि रात्रपाळीत फोन मला. त्यापेक्षा रूट गार्ड बरा. वरचढ (रूट व्हायला बघणारे) बीपीडीयू येतात तोवर पोर्ट अडवतो, ते थांबले की आपोआप सोडतो.

धागाकर्ता: रूट गार्ड रूट राखतो, लूप रोखणं त्याचं काम नाही. आणि साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणाऱ्या) स्विचमध्ये स्पॅनिंग ट्रीच नसते, तो स्वतःहून बीपीडीयू पाठवत नाही. त्याच्यामागे मशीन जोडली तर गार्ड गप्पच राहतो. तरीही पोर्ट पडला, तर बहुतेक केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली गेलीत आणि आपलाच बीपीडीयू फिरून परत आलाय. अशा वेळी पोर्ट पडायलाच हवा! इथरनेट फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) टीटीएल, म्हणजे आयुष्याची मर्यादा, नसतो, त्या फिरतच राहतात.

तिसरा प्रतिसाद: दोघांचंही अर्धवट आहे. काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. त्यांच्यात लूप झाला तर गार्डला पत्ताही लागत नाही, म्हणून स्टॉर्म कंट्रोल (पोर्टवर ट्रॅफिकचा पूर आला की अडवणारी सोय) सोबत लावा. आणि कृपा करून पोर्ट पडू नये म्हणून बीपीडीयू फिल्टर लावू नका. पोर्टवर फिल्टर लावणं म्हणजे तिथली स्पॅनिंग ट्री बंद करणं.

कारखान्यातला आयटीवाला: स्टॉर्म कंट्रोल लावतो. ऑफिसच्या पोर्टवर गार्ड आणि ऑटो रिकव्हरीही (पडलेला पोर्ट ठरावीक वेळाने आपोआप सुरू होणं) चालेल. पण सिस्को कंपनीच्या स्विचवर ती डीफॉल्ट ३०० सेकंदांची असते, आणि पाच मिनिटं पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) तुटला तर लाइनवरचा माल वाया जातो. तिथे गार्ड लावायला मी अजूनही तयार नाही.