पेशी चिकटवायला कोटिंग कोणतं घेऊ? बजेट २००० रु., सोलापूर

नवी_पेशी: एम.एस्सी. बायोटेक, शेवटचं सेमिस्टर. उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या) पेशी आहेत. त्या प्लेटला रिसेप्टर-लिगँडमुळे (पेशीवरचं पकडणारं प्रथिन आणि त्यात बसणारा रेणू) चिकटतात, नुसत्या विद्युतभारामुळे नाही, हे दाखवायचंय. २००० रुपयांत कुरिअरसुद्धा बसवायचंय.

हुतात्मा_डबा४: फायब्रोनेक्टिन, पेशींना धरून ठेवणारं प्रथिन. विषय संपला. त्यातल्या आरजीडी तुकड्याला (तीन अमिनो आम्लांची साखळी) पेशी चिकटतात, हे १९८४ पासून माहीत आहे. तो पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे इंटेग्रिन. पुण्यात आम्ही दुसरं वापरतच नाही.

नवी_पेशी: दादा, बजेट वाचलं का?

हुतात्मा_डबा४: चांगल्या मालाला पैसे पडणारच.

शेंगाचटणी: उन्हाळ्यात मागवू नको बे. मी मे महिन्यात मागवलं, खोक्यात बर्फाचं नुसतं पाणी. सप्लायर म्हणतो, तुमच्याकडे ऊनच लई. पॉली-लायसिन घे. पेशी हलत नाहीत.

पिपेटवाली: अहो, पोरीचा प्रश्न तरी वाचा. पॉली-लायसिन धनभारित, पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित. तिथे रिसेप्टर लागतच नाही! ते कंट्रोलला, म्हणजे तुलनेला ठेव. मुख्य कोटिंग जिलेटिन, ०.१ टक्का, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक). शिजवलेलं कोलॅजनच ते. तिहेरी पीळ सुटला की दडलेले आरजीडी उघडे पडतात. पेशी टाकताना सीरम (रक्तद्रव, पेशींच्या खाद्यात घालतात ते) मात्र नको. त्यातलं व्हिट्रोनेक्टिन, तेही पेशी चिकटवणारं प्रथिन, प्लेटवर बसतं आणि कोणतं कोटिंग काय करतंय ते कळत नाही.

निवृत्त_मास्तर: नुसत्या चिकटलेल्या पेशी मोजून काय होतंय? सुटणं मोजा. ओढ वाढली की बंध तुटायचा वेग घातांकी वाढतो, शास्त्रज्ञ जॉर्ज बेलने १९७८ मध्येच मांडलंय.

हुतात्मा_डबा४: सर, कॅच बॉण्ड? २००३ मध्ये पी-सिलेक्टिन या चिकटणाऱ्या प्रथिनावर दाखवलं. ओढलं की बंध उलट जास्त टिकतो.

निवृत्त_मास्तर: एका मर्यादेपर्यंत. आणि पी-सिलेक्टिन रक्तातल्या पांढऱ्या पेशी पकडतं, हिच्याकडे फायब्रोब्लास्ट आहेत.

हुतात्मा_डबा४: २००९ मध्ये इंटेग्रिन-फायब्रोनेक्टिनवरही दाखवलंय.

गड्डा_गर्दी: जिलेटिन घे. स्वस्त पडतं.

पिपेटवाली: वर तेच लिहिलंय मी.

गड्डा_गर्दी: एवढं कोण वाचणार, लाईट गेलीय. आमचा इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर चाललाय, तुमच्याकडे आहे का तशी सोय?

पिपेटवाली: नवी_पेशी, ईडीटीए लॅबमध्ये असेलच. इंटेग्रिनला मॅग्नेशियमसारखे द्विभारित आयन लागतात, ईडीटीए ते काढून घेतं. जिलेटिनवरच्या पेशी गोल होऊन सुटायला लागतील, लायसिनवरच्या बऱ्याचशा तशाच राहतील. तुझा पुरावा तोच. धुताना पिपेट हळू चालव.

नवी_पेशी: ताई, ईडीटीए पक्कं. पण कोटिंग विकत घेतच नाही. कल्चरची ट्रीटेड प्लेट (पेशी चिकटाव्यात म्हणून पृष्ठभागावर प्रक्रिया केलेली) आणि बॅक्टेरियाची साधी पेट्रीडिश, दोन्ही सीरमसकट.

पिपेटवाली: सीरमसकट?? मग मी एवढं लिहिलं कशाला? साध्या डिशवर सीरममधलं अल्ब्युमिन (पेशी न चिकटवणारं प्रथिन) जागा अडवतं, पेशी नीट बसतच नाहीत.

नवी_पेशी: तोच फरक दाखवते. लिगँड सीरममधूनच येऊ दे, फुकट आहे.

निवृत्त_मास्तर: व्हायवाला (तोंडी परीक्षेत) विचारतील, पेशी नक्की कोणत्या प्रथिनाला चिकटल्या. उत्तर तयार ठेवा.

शेंगाचटणी: माझ्याकडे पॉली-लायसिनची अर्धी बाटली पडलीय. सात रस्त्याला ये, देतो.

नवी_पेशी: एक्सपायरी?

शेंगाचटणी: फुकटच्या मालाला एक्सपायरी विचारतात होय बे?