मदत हवी आहे: संसर्ग मूत्राशयात की मूत्रपिंडात, हे लघवीच्या रिपोर्टवरून ठरतं का?

आईचं वय ६४, मधुमेह आहे, मुतखडा कधी झालेला नाही. लघवीला जळजळ होत होती म्हणून डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक सुरू केलं. जळजळ कमी झाली, पण आता उजव्या बाजूला बरगडीखाली, पाठीकडे दुखतंय आणि अंगात कणकण आहे. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतोय. त्याआधी थंडी वाजून ताप आला किंवा उलट्या झाल्या, तर थेट इस्पितळात नेणार.

रिपोर्ट असा: पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २५-३०, नायट्राइट व ल्युकोसाइट इस्टरेज (संसर्गाच्या खुणा) पॉझिटिव्ह, कास्ट्स (नळीच्या साच्यातून निघाल्यासारखे दिसणारे सूक्ष्म तुकडे) आढळले नाहीत. कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) ई. कोलाय हे जिवाणू, एक लाखाच्या वर, नायट्रोफ्युरँटॉइन लागू पडेल असं दाखवलंय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल.

माझी अडचण इथेच आहे. कास्ट्स सोडले तर यातलं सगळं दोन्ही संसर्गांत सारखंच दिसतं. पांढऱ्या पेशींचे कास्ट्स मात्र मूत्रपिंडाच्या नलिकांतच तयार होतात. पण आमचा नमुना लॅबमध्ये बराच वेळ तसाच पडून होता, आणि शिळ्या लघवीत कास्ट्स विरघळतात. शिवाय हे औषध मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही, म्हणून जागा कळणं फार महत्त्वाचं वाटतं. औषध मनाने बदलणार नाही.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी किंवा डॉक्टरांनी कृपया सांगावं: कास्ट्स नाहीत म्हणजे मूत्रपिंड ठीक असं धरता येतं का? ताजा नमुना देऊन पुन्हा पाहण्यात अर्थ आहे, की उद्या सरळ सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) आणि सोनोग्राफीबद्दल विचारू?