शिसो: पानं मोठी होण्याआधीच तुरे का येतात? आणि लाल पानांचं करायचं काय?

कुंडीबाग:
हिरवा आणि लाल, दोन्ही शिसो (जपानी स्वयंपाकातली सुगंधी पानांची वनस्पती) कुंडीत लावले आहेत. पेरलेल्या बियांपैकी निम्म्याही उगवल्या नाहीत. जी रोपं आली ती वीतभर झाल्यावर लगेच शेंड्याला तुरे धरले. पानं जेमतेम दोन बोटं रुंद आणि हाताला चरबरीत लागतात. हिरव्याला वास आहे, पण चावल्यावर कडवटपणाच जास्त जाणवतो. खत कमी पडतंय, ऊन जास्त होतंय की बियाणंच जुनं आहे? लाल पानं कच्ची खाऊन पाहिली, त्यात तर काहीच गोडी वाटली नाही. ती नेमकी वापरतात कशी? प्रमाणासह सांगितलंत तर बरं होईल.

बीजराखी:
आधी तुऱ्यांबद्दल. कारण खत नाही, दिवसाची लांबी आहे. शिसो लघुदिनी वनस्पती आहे. रात्र एका मर्यादेपेक्षा मोठी झाली की झाड नवी पानं काढणं थांबवून फुलोऱ्याच्या मागे लागतं. वाणागणिक फरक असतो, पण ही मर्यादा साधारण १४ तासांच्या दिवसाच्या आसपास येते. हिरव्या शिसोचं जपानमधलं मोठं केंद्र म्हणजे आइची प्रांतातलं तोयोहाशी. ते जवळजवळ ३५ अक्षांशावर आहे, त्यामुळे तिथे जूनमधला दिवस साडेचौदा तासांचा होतो आणि उन्हाळाभर झाड निवांत पानं देतं. २० अक्षांशावर, म्हणजे साधारण महाराष्ट्राच्या पट्ट्यात, मात्र वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या जरासाच वर जातो. तिथे रोपाला फुलण्याचा इशारा पहिल्यापासूनच मिळत असतो. रोप कोवळं असेपर्यंत थांबतं, मग तुरा काढतं. तोयोहाशीतही वर्षभर पानं मिळतात ती हरितगृहात रात्री दिवे लावल्यामुळेच.

उपाय तोच, छोट्या प्रमाणावर. झाडाच्या वर अर्धा-पाऊण मीटरवर साधा पिवळसर एलईडी बल्ब टांगा आणि टायमर लावून दिवस १६ तासांचा करा. हा उजेड झाडाला अन्न तयार करण्यासाठी नसून रात्र तोडण्यासाठी आहे, त्यामुळे मंद चालतो. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर दिवा घ्या, कारण रात्रीची लांबी झाड मुख्यतः तांबड्या प्रकाशावरून ओळखतं. संध्याकाळी उजेड वाढवण्याऐवजी मध्यरात्री दोन-तीन तास दिवा लावला तरी चालतं. दिवा रोपाला चार पानं आल्यापासूनच सुरू करा. तुरे दिसल्यावर लावला तर फायदा उशिरा मिळतो.

आत्ताच्या झाडांचे तुरे, त्यांच्या खालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट, छाटून टाका आणि दिवा सुरू करा. बगलेतून येणारे फुटवे काही आठवड्यांत पुन्हा पानांवर येतात. पण खोड लाकडासारखं झालं असेल तर नव्याने पेरणं जास्त सोयीचं. तुरा आलेल्या फांदीचं कलम मात्र करू नका. ते मुळं धरतं आणि पुन्हा फुलतच राहतं.

आता बियाणं. शिसोच्या बियांना उगवायला उजेड लागतो. मातीत खोल गेलेलं बी उगवत नाही, आणि निम्म्या बिया न उगवण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण असतं. बिया रात्रभर पाण्यात भिजवा, ओल्या मिश्रणावर पसरा, हाताने हलकं दाबा आणि वर माती टाकू नका, फार तर चाळलेल्या कोकोपीटचा धुरळा. पाणी फवाऱ्याने किंवा खालून द्या, झारीच्या धारेने बिया गाडल्या जातात. तापमान २० ते २५ अंश ठेवलं की एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात, थंडीत तीन आठवडेही लागतात. ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते, म्हणून यंदा धरलेलं बी लगेच पेरलं तर रुसून बसतं. अशा वेळी ओलसर कागदात गुंडाळून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्याने सुप्तावस्था सुटायला मदत होते. उलट फार जुनं बीही कामाचं नाही, उगवण्याची ताकद लवकर घसरते. बी कोरडं करून घट्ट बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि शक्यतो पुढच्याच हंगामात वापरा.

पानमळा:
पान चरबरीत होण्यामागे दोन गोष्टी असतात, प्रखर ऊन आणि मुळाशी कोरडेपणा. फुलोऱ्यावर गेलेल्या झाडाची पानं तशीही लहान आणि जाड होतात, म्हणजे तुमच्याकडे सगळंच एकत्र आलं आहे. हिरव्या शिसोला सकाळचं तीन-चार तासांचं ऊन पुरतं, दुपारी सावली किंवा ३०-४० टक्क्यांची शेडनेट द्या. लालचं उलट आहे. त्याला भरपूर ऊन हवं, नाहीतर रंग हिरवट-करडा पडतो. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून एकसारखी वागवली की एक तरी बिघडतेच.

एका झाडाला किमान २५ सेंटिमीटर तोंडाची, ६-७ लिटर माती मावणारी कुंडी द्या. जमिनीत दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मिश्रण ओल धरणारं पण पाणी न साचणारं हवं: दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, वर गवताचं आच्छादन. एकदा झाड मान टाकून सुकलं की पाणी दिल्यावर उभं राहतं, पण त्या वेळची पानं पुढे कडकच राहतात. खत नत्राकडे झुकलेलं, द्रवरूप, अर्ध्या ताकदीने, दर दोन आठवड्यांनी.

खुडणीवर बरंच अवलंबून आहे. झाड २५-३० सेंटिमीटर झालं की पानांच्या पाच-सहा जोड्या ठेवून शेंडा मोडा. प्रत्येक बगलेतून फांदी येईल. त्यानंतर खालची मोठी पानं आधी घ्या, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. तळहाताएवढं, अजून मऊ असलेलं पान सगळ्यात चांगलं. ते झाडावर जुनं होऊ दिलं की कडवटपणा वाढतो. खुडणी सकाळीच करा, दुपारी कोमेजलेलं पान पाण्यात ठेवूनही पहिल्यासारखं होत नाही.

रोगकिडींत तीन गोष्टींवर नजर ठेवा. पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत वाढतो. पानाच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा सलग काही दिवस मारला की आटोक्यात येतो. शेंड्याची पानं रेशमाच्या धाग्यांनी चिकटलेली दिसली तर आत अळी आहे, तो शेंडाच चिरडून टाका. पाठीवर नारिंगी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा. ती पानं तोडून कुंडीपासून लांब नष्ट करा, फांद्या विरळ करा आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारणं बंद करा. पानं खायची आहेत, त्यामुळे रासायनिक फवारणीचा विचारही नको.

कुंडीबाग:
दिव्याचं आजच करतो. लाल आणि हिरवा शेजारी असले तर पानांवर परिणाम होतो का? आणि बी धरायचं झालं तर?

बीजराखी:
यंदाच्या पानांवर काही परिणाम नाही. परिणाम होतो पुढच्या पिढीवर. शिसोचं परागीकरण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं, पण मधमाश्या येतात आणि थोडा संकर होतोच. मग वरून हिरवी, खालून जांभळट, वास अर्धवट अशी रोपं निघतात. बी धरायचं असेल तर एका हंगामात एकाच रंगाला फुलू द्या, दुसऱ्याचे तुरे छाटत राहा, किंवा ठरावीक तुऱ्यांना फुलण्याआधीच बारीक जाळीची पिशवी बांधा. तुऱ्याचा खालचा दोन तृतीयांश भाग तपकिरी झाला की कागदी पिशवीत उलटा धरून झटका. उशीर केला तर बी कुंडीभर सांडतं आणि पुढच्या हंगामात नको तिथे उगवतं. जमिनीत लावणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं, अमेरिकेच्या काही भागांत हे झाड असंच तण होऊन बसलं आहे.

खारवण:
स्वयंपाकाचं मी सांगतो. लाल पान कच्चं खाण्यासाठी नाहीच. त्याचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो आम्ल मिळाल्यावरच खुलतो. आम्ल नसेल तर पाणी नुसतं मळकट जांभळं राहतं.

सोपा प्रकार म्हणजे सरबत. देठ काढलेली ३०० ग्रॅम लाल पानं तीन-चार पाण्यांत धुवा. दीड लिटर पाणी उकळवून पानं घाला, पाच मिनिटांत ती हिरवट पडतात, म्हणजे रंग पाण्यात उतरला. गाळून पानं नीट पिळा. रसात ४०० ग्रॅम साखर विरघळवा, आच बंद करा आणि २० ग्रॅम सायट्रिक आम्ल घाला. त्याच क्षणी मळकट रस लखलखीत लाल होतो. एक भाग अर्क, तीन भाग थंड पाणी. उकळलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकतो. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं हवं, लोखंड आणि ॲल्युमिनियम रंग बिघडवतात.

जपानमध्ये लाल शिसोचा मुख्य वापर उमेबोशीत, म्हणजे उमे या आंबट जपानी फळाच्या खारवलेल्या लोणच्यात, होतो. १ किलो पिकलेल्या उमे फळांना १८० ग्रॅम मीठ लावून वजनाखाली ठेवतात, काही दिवसांत फळं बुडतील इतकं आंबट-खारट पाणी सुटतं. मग २०० ग्रॅम लाल पानं घेऊन त्यांना एकूण ४० ग्रॅम मीठ दोन वेळा विभागून चोळायचं. पहिल्यांदा निघणारं गडद, फेसाळ पाणी कडू असतं, ते पिळून फेकायचं. दुसऱ्यांदाही तसंच. ही पायरी गाळली की पूर्ण बरणी कडवट होते. मग पिळलेली पानं फळांच्या त्याच आंबट पाण्यात मोकळी करायची आणि सगळं फळांवर पसरायचं. जुलैच्या शेवटी कोरडं ऊन पडलं की फळं तीन दिवस वाळवतात. सोबत पानंही वाळवून कुटली की भातावर भुरभुरायची पूड तयार होते. क्योतोजवळच्या ओहारात हीच पानं वांग्याबरोबर मिठात मुरवून शिबाझुके हे लोणचं करतात. तिथे बाहेरून आम्ल घालावं लागत नाही, आंबवताना जिवाणूच ते तयार करतात.

हिरव्या पानाचा नियम वेगळा, उष्णता कमीत कमी. पेरिलाल्डिहाइड या द्रव्याने येणारा वास शिजवताना उडून जातो, म्हणून पदार्थ ताटात वाढताना पान घाला. बारीक चिरायचं असेल तर पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा, धारदार सुरीने कापा, अर्धा मिनिट थंड पाण्यात सोडून निथळवा. कडवटपणा उतरतो. जास्त वेळ ठेवलंत तर वासही पाण्यात जातो. तळायचं असेल तर पीठ पानाच्या खालच्या बाजूलाच लावा, १७० अंशांच्या तेलात अर्धा मिनिट. दोन्ही बाजूंनी लावलं की पान मऊ पडतं. फार पानं आली तर २० पानांना २ मोठे चमचे सोया सॉस, १ चमचा मिरिन (स्वयंपाकातली गोडसर जपानी तांदळाची दारू), १ चमचा तिळाचं तेल आणि लसणाची एक पाकळी. एकेक पान बुडवून थर लावा, दुसऱ्या दिवशी खायला तयार.

छाटलेले तुरे टाकू नका. एक तृतीयांश फुललेला तुरा साशिमीबरोबर (कच्च्या माशाचे पातळ काप) देतात. खालून बोटांनी ओरबाडून फुलं सोया सॉसमध्ये घालायची. फुलं गळून हिरव्या बोंड्या धरल्या की त्या काढून पाण्यात दोन तास ठेवा, निथळवून वजनाच्या १० टक्के मिठात मुरवा. दाताखाली कुरकुरीत लागतात.

पानं ठेवायची तर उंच बाटलीच्या तळाशी सेंटिमीटरभर पाणी घाला, फक्त देठ बुडू द्या, पानं कोरडी ठेवा, झाकण लावा. फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा, वरच्या थंड कप्प्यात पानांवर काळे डाग पडतात.

पानमळा:
एक भर. बियाण्याच्या पाकिटावर नुसतं ‘पेरिला’ असेल तर ते शिसोच असेल असं नाही. कोरियन देउल्के, जपानी भाषेत एगोमा, हा त्याच जातीचा दुसरा प्रकार आहे. पान मोठं, जाडसर, कडा कमी कुरळ्या, वास तिळाच्या जवळचा. ते मांस गुंडाळायला आणि सोया सॉसमध्ये मुरवायला उत्तम आहे, शिसोच्या जागी मात्र चालत नाही. त्याच्या बियांचं तेल काढतात, त्यात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-३ मेदाम्ल) असल्याने ते लवकर खवट होतं, लहान बाटलीत आणि फ्रिजमध्येच ठेवावं. शिवाय या जातीच्या बऱ्याच झाडांत पेरिला कीटोन असतं. गुरं-घोड्यांनी झाडं खाल्ली तर त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. छाटणीचा पाला त्यांच्यापुढे टाकू नका.